डी.एड. झालं, टीईटी झाली, टेट झाली, पण पहिलीच्या पोराला वाचायला कसं शिकवायचं हे कुणी शिकवलंच नाही

शिक्षणसेविका_नांदेड

नमस्कार सगळ्यांना. मी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा कोर्स, केलाय (आपण सगळे अजून डी.एड.च म्हणतो), टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे, टेटच्या (भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीच्या) मार्कांवर पवित्र पोर्टल या सरकारी भरतीच्या वेबसाइटवरून जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागलेय. शाळा दोनशिक्षकी आहे, मुख्याध्यापक सर तिसरी-चौथी बघतात आणि पहिली-दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे. मुलं गोड आहेत, रोज येतात, पालक विश्वासाने पाठवतात.

आता अडचण सांगते. दुसरीतली बरीच मुलं क पासून ज्ञ पर्यंत न अडखळता म्हणतात, बाराखडी तर सुरात, क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, सगळं तोंडपाठ. पण फळ्यावर "कप" लिहिलं आणि एकाला वाचायला सांगितलं तर तो म्हणाला "कमळ पतंग". म्हणजे त्याला अक्षराबरोबर तक्त्यावरचं चित्र पाठ आहे, त्या अक्षराचा आवाज काय आणि दोन आवाज जोडून शब्द कसा होतो हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. त्याची काही चूक नाही, त्याला जे शिकवलं ते तो बरोबर सांगतोय.

याला इथून पुढं कसं न्यायचं हे मला दोन वर्षांच्या कोर्समध्ये कुणीच दाखवलं नाही. पियाजे, व्हायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ, ज्ञानरचनावाद (मूल स्वतः ज्ञान घडवतं हा विचार) सगळं वाचलं, परीक्षेत लिहिलं, मार्क पण चांगले पडले. आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावाला, ज्या शाळेत गेलो तिथं आम्हाला ऑफ तासावर नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला बसवायचे. जे पाठ झाले ते तपासायला येणाऱ्या सरांना दाखवायचे पाठ, चौथीची एखादी कविता घ्यायची, प्रस्तावना, हेतुकथन, रंगीत तक्ता, फलकलेखन, उपयोजन, मग पाठ टाचणावर (पाठाच्या लेखी आराखड्यावर) सही. पहिलीच्या वर्गावर पाठ घ्यायला कुणी पाठवलंच नाही कारण पहिलीला असा देखणा पाठ होतच नाही, तिथं पोरं मधेच उठतात, रडतात, लघवीला जातात.

तर विचारायचं आहे की हे आमच्याच कॉलेजात असं होतं का सगळीकडे असंच आहे? आणि दुसरं म्हणजे, या मुलांना वाचनाकडे आणायला सुरुवात नेमकी कुठून करू? प्लीज ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

---

माजी_केंद्रप्रमुख_सातारा

ताई, आधी तुमचं कौतुक करतो, कारण "कमळ पतंग" ऐकून "पोरगं मठ्ठ आहे" म्हणणारे पुष्कळ बघितलेत, तुम्ही त्यात शिकवण्याचा दोष बघितलात.

तुमच्याच कॉलेजात नाही, सगळीकडे कमीजास्त हेच आहे आणि त्याला कारणं आहेत. २००० साली शिक्षणसेवक योजना (ठरावीक मानधनावर शिक्षक नेमायची) आली आणि भराभर भरत्या झाल्या. डी.एड. केलं की नोकरी पक्की असं गावागावात पसरलं. मग राज्यभर डी.एड. कॉलेजं उगवली, एका संस्थेच्या आवारात दोन-दोन. मान्यता देताना खोल्या, ग्रंथालय, प्राध्यापक कागदावर दाखवले जायचे. हे प्रकरण इतकं वाढलं की महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मांचा आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल २०१२ चा. म्हणजे अख्ख्या देशाच्या शिक्षक प्रशिक्षणावर बोलणारा हा आयोग आपल्या राज्यातल्या कारभारामुळे नेमावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या अहवालानुसार देशातल्या सेवापूर्व प्रशिक्षणाच्या साधारण ९० टक्के संस्था खाजगी. पुढं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याच आयोगाचा दाखला देऊन सरकारनेच लिहिलंय की अशा दहा हजारांवर स्वतंत्र संस्थांपैकी बहुतेक जण गंभीरपणे शिक्षक घडवायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात.

इकडे राज्यात २०१० च्या सीईटीनंतर (शिक्षक भरतीच्या परीक्षेनंतर) भरती बरीच वर्षं ठप्प झाली, मुलं येईनात, कॉलेजं बंद पडत गेली. गर्दी ओसरली. पण जी राहिली त्यांच्यातही शिकवण्याची पद्धत तीच राहिली, कारण तिथं शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतः पहिलीचा वर्ग कधी घेतलेला नसतो. ते एम.एड. असतात, नेट सेट असतात, अभ्यासू असतात, पण सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून दिलेली नसते. जे आपण केलेलं नाही ते दुसऱ्याला कसं दाखवणार? माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथं आहे, अभ्यासक्रम कितीही बदला.

---

बीएड_मॅडम_पुणे

सर म्हणतात ते बी.एड.ला पण तंतोतंत लागू होतं. एनसीटीई या देशपातळीवरच्या शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं, सगळ्यांना वाटलं आता शाळेत जास्त वेळ मिळेल आणि दर्जा वाढेल. माझ्या डोळ्यासमोर झालं ते असं की फायली दुप्पट झाल्या. मायक्रो टीचिंगमध्ये आमच्याच वर्गातल्या मैत्रिणी विद्यार्थी व्हायच्या, प्रश्न कौशल्य, प्रबलन कौशल्य, सहा सहा मिनिटांचे पाठ, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना उत्तर आधीच माहीत. खऱ्या मुलाला न येणारं उत्तर कसं हाताळायचं ते कधी समोरच आलं नाही.

आणि नॉन-अटेंडिंगबद्दल कुणीतरी उघड बोलायला पाहिजे. फी भरा, परीक्षेला या, बाकी हजेरी आणि पाठ आम्ही बघतो, असं फोनवर स्पष्ट सांगणारी कॉलेजं आहेत हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहितीये. माझ्याबरोबर एका इंग्लिश मीडियम शाळेत अशीच पदवी घेतलेल्या टीचर होत्या, माणूस म्हणून खूप चांगल्या, पण वर्गात गेल्या की पुस्तक उघडून वाचायच्या, एक वाक्य इंग्लिशमधून, त्याचं मराठी, पुढचं वाक्य. त्यांना दुसरं काही कुणी दाखवलंच नव्हतं. आणि अशा शाळांत बऱ्याच टीचर्सना तर तेवढंही प्रशिक्षण नसतं, आठ-दहा हजारांवर ठेवलेल्या असतात, पालकांना मात्र वाटतं की फी भरतोय म्हणजे शिक्षक ट्रेन्डच असणार.

अजून एक. २०१८ मध्ये एनसीटीईने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये रद्द केलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर खूप नाराजी होती, लोकांच्या नोकरीचा प्रश्न होता, ती मला समजते. पण निकाल योग्यच होता असं मी तेव्हाही म्हणलं होतं आणि आजही म्हणते. बी.एड. हे वरच्या वर्गांसाठीचं शिक्षण आहे, विषय शिकवण्याचं. लहान मुलाला वाचायला शिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते सोपं काम आहे म्हणून कुणीही करेल, हा समज आधी मोडला पाहिजे.

---

एक_बाबा_नाशिक

मी शिक्षक नाही, पालक आहे, मुलगी झेडपीच्याच शाळेत तिसरीत आहे म्हणून हा धागा वाचतोय. एक सरळ प्रश्न विचारतो, राग मानू नका. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं ना की नोकरीत असलेल्या शिक्षकांनी पण दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, ज्यांच्या रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलीत तेवढे सोडून. मग यातून चांगले शिक्षक आपोआप वेगळे निघतील की. का नाही?

---

प्राथमिक_शिक्षक_बीड

दादा, राग कशाला, प्रश्न रास्त आहे.

टीईटीचा पेपर बघा एकदा. १५० प्रश्न, १५० मार्क, सगळे पर्यायी. बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३०, गणित ३०, परिसर अभ्यास ३०. ९० मार्क पडले की पास, राखीव प्रवर्गाला थोडी सवलत. यातून कळतं की माणसाला विषयाची माहिती किती आहे. ते कळायलाच पाहिजे, कारण चौथीचं भागाकाराचं गणित स्वतःला न येणारा शिक्षक नको, हे मी शिक्षक असून म्हणतोय. पण वर्गात तीस मुलं समोर असताना, त्यातली दहा वाचतात, दहा अडखळतात आणि दहांना अक्षर कळत नाही, तिथं काय करायचं हे गोल काळे करून तपासता येत नाही. वरून २०१९ च्या टीईटीत पैसे देऊन पास झालेले सात हजारांवर उमेदवार नंतर अपात्र ठरवले गेले, म्हणजे चाळणीच कशी फाटली होती ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. आत्ता आमच्याकडं पन्नाशीतले गुरुजी वर्ग सोडून गाइड घेऊन बसलेत, त्यांची पण चूक नाही, नोकरी जाईल या धास्तीने बसलेत. त्यांना दोन वर्षांत परीक्षेची तयारी करायला लावण्याऐवजी दोन वर्षांत वर्गात काय बदल करायचा हे शिकवलं असतं तर तुमच्या मुलीला जास्त फायदा झाला असता.

आता नोकरीतल्या प्रशिक्षणांचं सांगतो. राज्यस्तरावर पुण्याला काही लोकांना प्रशिक्षण मिळतं, ते जिल्ह्याला येऊन देतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला (आसपासच्या शाळांच्या गटाला). पुण्यात पाच दिवसांचं असलेलं आमच्यापर्यंत येईस्तोवर दीड दिवसाचं होतं आणि पीपीटी वाचून दाखवतात. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, पण आपल्यातलेच, त्यांनाही ते चार दिवसांपूर्वीच कळलेलं. प्रश्न विचारला तर "घटकसंचात (प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत) दिलंय बघा" म्हणतात. १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणीचं आणि २४ वर्षांनी निवड श्रेणीचं प्रशिक्षण असतं, ते पगाराला जोडलेलं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष प्रमाणपत्राकडं. २०२० च्या धोरणात वर्षाला ५० तास प्रशिक्षण लिहिलंय, तास भरतात पण, मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून भरतात.

त्याचा परिणाम कसा होतो त्याचं एक उदाहरण देतो. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्या वाचायची आणखी एक रीत आली, तेवीसला "वीस तीन", बावन्नला "पन्नास दोन". मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यामागचा विचार अगदी सरळ होता, मूल तेवीस ऐकतं तेव्हा आधी तीन ऐकू येतं आणि लिहिताना आधी दोन लिहावा लागतो, म्हणून ते ३२ लिहून मोकळं होतं. आमच्या वर्गात हे रोज घडतं. जुनी नावं कुणी काढून टाकलेली नव्हती, दोन्ही होती. पण शिक्षकांना हे आधी नीट बसवून सांगितलंच गेलं नाही, आम्हाला ते टीव्हीवरच्या वादातून कळलं. मग बहुतेकांनी ते पान सोडून दिलं. एका चांगल्या कल्पनेचं प्रशिक्षणाअभावी असं मातेरं झालं.

---

विषय_साधनव्यक्ती_पालघर

मूळ प्रश्न वाचायला शिकवण्याचा आहे, त्यावर बोलते. मी अनेक वर्षं पहिली घेतली, आता तालुक्यातल्या शाळांवर जाते.

ताई, तुम्ही सगळी मुळाक्षरं आणि बाराखडीची पाठांतरं आत्तापुरती बाजूला ठेवा. थोडीच अक्षरं घ्या आणि काना लगेच घ्या. म, क, ल, ब, स आणि काना, एवढाच पहिला गट. एवढ्यात किती शब्द होतात बघा: काम, मका, बस, बाक, मामा, काका, बाबा, साल, लाल. आणि वाक्यंसुद्धा होतात. "मामा बसला." "बाबा बसला." म्हणजे मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अर्थ असलेलं वाक्य स्वतः वाचतं. त्या दिवशी मुलाचा चेहरा बघा तुम्ही. ५० अक्षरं पाठ होईपर्यंत थांबवलं तर मुलाला वाचन म्हणजे काय हेच वर्षभर कळत नाही, मग ते चित्रांची नावं पाठ करतं.

कमळ पतंगवाल्या मुलाला आधी कानाने खेळवा. पुस्तक नको, पाटी नको. "काम" म्हणा आणि पहिला आवाज कोणता विचारा. "म... का" असं तोडून म्हणा आणि त्याला "मका" ओळखायला लावा. "बस" मधला "ब" काढून तिथं "र" ठेवला तर काय होईल? हे तोंडी जमायला लागलं की अक्षरं आपोआप आवाजाला चिकटतात. चित्रांचा तक्ता भिंतीवर राहू दे पण वाचताना मुलांची पाठ त्याच्याकडं असू दे. वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांची कार्डं कापा, प्रत्येक जोडीला एक संच, मुलं जमिनीवर शब्द मांडतात, फार वेळ रमतात. तेवढ्या वेळात तुम्हाला दुसऱ्या गटाकडं बघता येतं.

आणि तिसरी गोष्ट, रोज मुलांचं बोलणं फळ्यावर लिहा. एक मूल म्हणालं "मह्या शेळीला दोन पिल्लं झाली", तर तसंच लिहा, "मह्या" चं "माझ्या" करू नका. त्याने जे म्हटलं तेच फळ्यावर आलं हे त्याला दिसलं पाहिजे. मग बोट फिरवत सगळ्यांनी वाचायचं. यात नवीन अक्षरं येतील, येऊ देत, आपण ती तपासत नाही. आमच्याकडं वारली आणि कोकणा मुलं आहेत, त्यांच्या घरची भाषा पुस्तकात कुठंच नाही, त्यांच्यासाठी तर हे केल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही.

हे सगळं मी शोधलेलं नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसनबाईंनी वस्तीवरच्या, वाचन न येणाऱ्या मुलांबरोबर काम करत अक्षरगटांची पद्धत बसवली. आमच्या भागात ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडला अनुताई वाघांनी ते चालवलं, तिथं बालवाडी आणि बालवाडीच्या शिक्षिकांचं शिक्षण एकाच आवारात असायचं. शिकणाऱ्या बायका मुलांच्या मधेच असायच्या, अनुभवी बाई कशी बसते, कशी बोलते, मूल रुसलं तर काय करते हे बघत. आपल्या डी.एड.मधून नेमकं हेच हरवलंय. माजी केंद्रप्रमुख सरांच्या म्हणण्यात मी एवढीच भर घालेन की प्रत्येक डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) स्वतःची एक चालती प्राथमिक शाळा पाहिजे आणि तिथल्या अधिव्याख्यात्यांनी आठवड्यातून काही तास तिथं पहिली-दुसरी शिकवलीच पाहिजे. खर्च काही फार नाही, शाळा आजूबाजूला आहेतच.

तोपर्यंत तुमच्यापुरता एक उपाय: महिन्याच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) केंद्रप्रमुखांना सांगा की भाषणांऐवजी एक तास कुणीतरी खऱ्या मुलांवर पाठ घेऊ दे आणि आपण बाकीचे मागे बसून बघू, नंतर त्यावर बोलू. परिपत्रकांचं वाचन व्हॉट्सॲपवर होऊ शकतं. आम्ही आमच्या केंद्रात हे सुरू केलंय, पहिल्यांदा कुणी तयार होत नव्हतं कारण सगळ्यांना वाटतं आपल्या चुका काढतील. आता आपणहून नावं देतात.

---

शिक्षणसेविका_नांदेड

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पालघरच्या मॅडमचे. मी पुठ्ठे कापायला घेतलेत, दुसरीच्या दोन मुली मदत करतायत. शिक्षण परिषदेचं केंद्रप्रमुखांशी फोनवर बोलले, ते म्हणाले पुढच्या वेळी तुमच्याच शाळेत ठेवू. थोडी भीती वाटतेय पण हो म्हणलं.

मॅडम, एक विचारू का, म क ल ब स झाल्यावर पुढं वेलांटी घ्यायची का उकार? आणि वेलांटीत पहिली आधी का दुसरी? पुस्तकात आणि बाराखडीत तर पहिली आधी आहे.

---

विषय_साधनव्यक्ती_पालघर

दुसरी आधी घ्या. पहिली वेलांटी लिहायला अक्षराच्या आधी येते आणि ऐकायला नंतर, त्यामुळे डावीकडून वाचणारं मूल तिथं गडबडतं. दुसरी वेलांटी अक्षराच्या नंतरच येते, ऐकतो त्याच क्रमाने. शिवाय शब्दाच्या शेवटी मराठीत दीर्घच जास्त लागते, त्यामुळे आहेत त्याच अक्षरांत लगेच मामी, काकी, बसली असं बरंच काही वाचता येतं, "मामी बसली" तर पहिल्याच दिवशी. उकार त्यानंतर, आणि मुलं हे सगळं सफाईने वाचायला लागली की मग पहिली वेलांटी. परिषदेत पाठ घेताना हाच घ्या, दुसऱ्या वेलांटीचा, लहान आहे आणि बघणाऱ्यांना मुलं वाचताना दिसतील.